पट्टी दिसली म्हणजे एन्झाइम चालतंय असं नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत कोलिनेस्टरेजवर, म्हणजे शरीरातली कोलिनयुक्त रसायनं तोडणाऱ्या एन्झाइमवर, आलेला लेख वाचला. या एन्झाइमच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, म्हणून आधी बरं वाटलं. मात्र ‘अँटीबॉडीच्या साहाय्याने रक्तातलं हे एन्झाइम किती कार्यक्षम आहे ते समजतं’ या वाक्याशी अडखळले. गेली अठरा वर्षं मी प्रयोगशाळेत वेस्टर्न ब्लॉट करते, म्हणजे नमुन्यातली प्रथिनं वजनानुसार वेगळी करून हवं ते प्रथिन अँटीबॉडीने पट्टीच्या रूपात दाखवते. दरवर्षी नव्याने येणारी मुलं नेमकी हीच गल्लत करतात, आणि छापील कागदावर ती पाहिली की मुलांना समजावणं आणखी अवघड होतं.

अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन, फक्त हजेरी घेते. वर्गात बसलेला मुलगा गणित सोडवतोय की डुलक्या काढतोय, हे हजेरीपटावरून कसं कळणार?

ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा घ्या. ते रसायन एन्झाइमच्या कामाच्या जागी असलेल्या सेरीन या अमिनो आम्लाला घट्ट चिकटतं आणि एन्झाइम ठप्प होतं. प्रथिन मात्र रक्तात जिथल्या तिथे असतं. अशा सीरमचा (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाचा) ब्लॉट केला तर पट्टी निरोगी माणसाइतकीच ठळक येऊ शकते. त्याच सीरमवर एलमनची १९६१ सालची पद्धत वापरा, म्हणजे ब्युटिरिलथायोकोलिन (एन्झाइमने तोडायचं रसायन) आणि डीटीएनबी (ते तुटलं की पिवळा रंग देणारं) घालून ४१२ नॅनोमीटरला वाचन घ्या. एरवी बघता बघता चढणारा पिवळा रंग इथे जेमतेम हलतो. कार्यक्षमता मोजायची ती अशी.

भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात त्या सक्सिनिलकोलिनचंही तेच. काही जणांच्या ब्युटिरिलकोलिनेस्टरेजमध्ये (प्लाझ्मातल्या, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातल्या, कोलिनेस्टरेजमध्ये) ७० व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन असतं. एन्झाइम रक्तात असतं, पण हे औषध त्याच्याने नीट तुटत नाही. पाच-दहा मिनिटांत ओसरणारा परिणाम काही तास टिकतो आणि तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. हा दोष डिब्युकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या चाचणीत पकडला जातो: नेहमीच्या एन्झाइमला ते साधारण ८० टक्के रोखतं, दोन्ही जनुकप्रती अशा असतील तर २० टक्क्यांच्या आसपासच. अँटीबॉडीला यातला फरक सहसा कळत नाही. हां, क्वचित कुणाच्या रक्तात एन्झाइमचं कामच सापडत नाही, तेव्हा प्रथिन मुळात तयार झालं नाही की तयार होऊन निकामी आहे, हे सांगायला अँटीबॉडीच लागते. तिची किंमत मी कमी करत नाही. तिच्यावरच तर माझं पोट आहे.

पण ती तरी नेमकं काय पकडते? काही वर्षांपूर्वी आम्ही मानवी ब्युटिरिलकोलिनेस्टरेजविरुद्धची, सशात तयार केलेली पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण असलेली) अँटीबॉडी मागवली. पहिल्याच ब्लॉटवर सीरमच्या लेनमध्ये (नमुन्याच्या रांगेत) जाडजूड, देखणी पट्टी. मार्करशी, म्हणजे वजन माहीत असलेल्या प्रथिनांच्या पट्ट्यांशी, ताडली तर ६६ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) जवळ. या एन्झाइमच्या एका साखळीवर नऊ ठिकाणी शर्करा असते, त्यामुळे ती ८५ च्या आसपास यायला हवी. पण नुसती ५७४ अमिनो आम्लं मोजली की वजन ६५ च्या घरात निघतं, आणि आम्ही स्वतःची समजूत घातली की शर्करा गळली असेल. हवं ते दिसलं की माणूस चष्मा पुसत नाही!

चार महिने त्या पट्टीची जाडी मोजण्यात गेले. मग सहज म्हणून एका लेनमध्ये शुद्ध मानवी अल्ब्युमिन, रक्तातलं सर्वांत मुबलक प्रथिन, घातलं. तीच पट्टी, त्याच उंचीवर. शुद्ध एन्झाइमच्या लेनमध्ये ८५ पाशी डोळे ताणले तर दिसेल न दिसेल अशी रेघ. सशाला टोचलेलं एन्झाइमच पुरतं शुद्ध नसावं, असा माझा अंदाज. लिटरभर सीरममध्ये अल्ब्युमिन ४० ग्रॅमच्या आसपास आणि हे एन्झाइम जेमतेम ५ मिलिग्रॅम; त्या गर्दीत अँटीबॉडी थोडी जरी इकडेतिकडे बघणारी असली तरी खेळ संपला. विक्रेत्याने लेबलावरच्या ‘केवळ संशोधनासाठी’ या शब्दांकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्या लॉटची कुपी पाठवली. ती थोडी बरी निघाली.

तेव्हापासून नवी कुपी आली की शुद्ध एन्झाइम, अल्ब्युमिन आणि अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज या तीन लेन आधी. शेवटची का, तर या दोन भावंडांची निम्म्याहून जास्त रचना सारखी आहे आणि एकाची अँटीबॉडी दुसऱ्यालाही धरू शकते. एलायझात (प्रथिनाची घडी सहसा न उलगडता होणाऱ्या अँटीबॉडी चाचणीत) छान चालणारी अँटीबॉडी ब्लॉटवर मुकी राहते, तेही पाहिलंय. ब्लॉटसाठी एसडीएस हे साबणासारखं रसायन घालून उकळल्यावर प्रथिनाची घडी उलगडते आणि तिची ओळखीची खूणच पुसली जाते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अँटीबॉडीने आढळलं’ असं छापताना ती कशाकशावर पारखली होती, एवढं एक वाक्य लेखकाकडून मागून घ्यावं, ही विनंती.

जाता जाता: लेखासोबतच्या आकृतीत तांबड्या पेशीवर ब्युटिरिल आणि प्लाझ्मात अ‍ॅसिटिल दाखवलंय. ते उलट हवं. तांबड्या पेशीच्या आवरणावर अ‍ॅसिटिल असतं. ब्युटिरिल यकृतात तयार होऊन प्लाझ्मात येतं.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ