गोडाउनच्या सुपरवायझर काकांना

आदरणीय काका,
सा. न.

समोर आभार मानले की "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

माझ्या भावाला ऑटिझम आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात अशा मुलांना पहिल्यांदा जागा दिली. पण ती 1 टक्का, आणि तीही बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. खासगी दुकानाला तर तीही सक्ती नाही. सदाशिव पेठेतल्या औषधांच्या गोडाउनमध्ये त्याला घ्यायचं की नाही, हे मालकांनी तुमच्यावर सोपवलं होतं.

आधीच्या मुलाखतींत "मुलगा नजर देत नाही" इथेच गाडी अडायची. तुम्ही काही विचारलंच नाहीत. एक खोकं पुढे सरकवलंत, "ज्यांची मुदत आधी संपते त्या स्ट्रिप्स वर ठेव" म्हणालात आणि बिलं करायला निघून गेलात. परत आलात तेव्हा सगळ्या तारखेप्रमाणे लागल्या होत्या, शिवाय चुकून आलेली दुसऱ्या बॅचची एक स्ट्रिप बाजूला काढलेली होती.

"जरा तिकडचं बघून घे" म्हटलं की तो खरंच तिकडे जाऊन बघत उभा राहतो. हे ओळखून तुम्ही चिठ्ठी द्यायला लागलात: रॅक चारवरची खोकी मोज, आकडा वहीत लिही, मग मला सांग. (आता म्हणे बाकीची पोरंही चिठ्ठी मागतात!) गुणगुणणारी ट्यूब बदललीत. गणपतीत ढोल-ताशांचा त्याला फार त्रास होतो, तर त्या दिवसांत सकाळी लवकर बोलावून दुपारच्या आत सोडता, आणि ते आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवता.

तुम्ही दया दाखवली नाहीत, याचं मला सर्वांत जास्त अप्रूप. पगार इतरांएवढाच. चलन न बघता माल सोडला तेव्हा बोलणीही इतरांएवढीच बसली. त्या दिवशी तो घरी रुसून बसला. आई हळवी झाली. मला मात्र बरं वाटलं.

दिवाळीत काकूंना घेऊन फराळाला नक्की या. तो तोंडाने बोलावणार नाही, पण काकांची चकली कमी तिखट कर, असं आईला त्यानेच बजावलंय.

तुमची,
रॅक चारवाल्याची ताई