अर्थमंत्री साहेब, हेल्परच्या पीटीचं आणि पेन्शनच्या हमीचं तेवढं बघा

मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. आम्ही छोटे वर्कशॉपवाले, दहा-पंधरा माणसं कामाला. दर महिन्याला पगार काढताना शीटमध्ये पीटीचा कॉलम असतो, म्हणजे आपला व्यवसाय कर. हेल्परला हातात तेरा-चौदा हजार, त्यातले 200 कापायचे, फेब्रुवारीत 300, वर्षाचे झाले 2500. आणि महिन्याला दोन लाख घेणाऱ्या मॅनेजरचे किती, तर तेवढेच 2500! घटनेनेच 2500 ची मर्यादा घातलीय, वर जाता येत नाही, कबूल, पण खाली सूट द्यायला कोणी अडवलंय? 2023 च्या बजेटमध्ये महिलांना महिन्याला 25 हजार पगारापर्यंत माफी दिली, चांगलं झालं, मग पुरुष हेल्पर 10 हजारांच्या वर गेला की लगेच पूर्ण टॅक्स कशाला, तीच 25 हजारांची लाइन सगळ्यांना लावा ना.

वर या कराचे नोंदणी नंबरही दोन, मालकाच्या स्वतःच्या करासाठी पीटीईसी वेगळा, कामगारांच्या पगारातून कापलेल्या करासाठी पीटीआरसी वेगळा, रिटर्न चुकलं की लेट फी. एकच नंबर आणि एकच रिटर्न करायला काय हरकत आहे?

तुम्ही म्हणाल महसूल बुडेल. बुडेल थोडा, पण खरा खड्डा तिथे नाहीये. मार्च 2023 च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपानंतर सरकारने 1 नोव्हेंबर 2005 पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांनाही शेवटच्या पगाराच्या 50 टक्के पेन्शनची हमी द्यायचं ठरवलं. शिक्षक, पोलिसांना म्हातारपणी आधार नको असं आम्ही म्हणत नाही, आमच्याही घरात सरकारी नोकरीवाले आहेत. पण कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडातून तेवढं निघालं नाही तर फरक तिजोरीतून जाणार, आणि तो किती याचा आकडा आज कोण सांगणार? बजेटमध्ये दिसतो तो त्या वर्षीचा पेन्शन खर्च. पुढच्या तीस वर्षांचं ओझं ॲक्चुअरीकडून, म्हणजे असा पुढचा हिशोब मांडणाऱ्या तज्ज्ञाकडून काढून घ्या आणि दरवर्षी बजेटसोबत छापा, हमी दिली त्याच वर्षापासून पैसे बाजूला टाका, नाहीतर तेव्हा वीज शुल्क नाहीतर पेट्रोलवरचा व्हॅट वाढवूनच वसुली होणार, दुसरीकडून कुठून?

आणि आमच्या त्याच हेल्परला ईपीएसमधून, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतून किमान पेन्शन 1000 रुपये, 2014 पासून हलली नाही. ते केंद्राचं खातं, तुमच्या हातात नाही, माहीत आहे, पण दिल्लीला पत्र तरी लिहा.

बजेटआधी उद्योग संघटनांना बोलावता तेव्हा यावेळी पीटीची लाइन आणि पेन्शनचा आकडा हे दोन विषय अजेंड्यावर घ्या, बाकी मागण्या नंतर बघू.

आपला,
एक लघुउद्योजक