सुटकेच्या दिवशी दारात कोण उभं आहे

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि वाचून फार आनंद झाला. तू आणि तुझ्या त्या वकीलबाई मिळून जेलमधून सुटणाऱ्या पारधी बायाबापड्यांच्या तब्येतीची काळजी घ्यायचं ठरवताय, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की लगेच फोन करावासा वाटला. पण तू बजावलंयस, "फोनवर नको, लिहून पाठव, म्हणजे चारजणांना वाचून दाखवता येईल." म्हणून लिहिते आहे. लांबेल, सांभाळून घे.

आधी इथली व्यवस्था थोडक्यात. कॅनडात दोन वर्षांहून कमी शिक्षेचे आणि कच्चे कैदी प्रांताच्या तुरुंगात असतात, त्याहून मोठ्या शिक्षेचे केंद्राच्या. आमच्या ब्रिटिश कोलंबियात प्रांताचे दहा तुरुंग आहेत. तिथले दवाखाने पूर्वी तुरुंग खात्याच्या हाताखाली होते, ऑक्टोबर 2017 पासून ते प्रांताच्या आरोग्य संस्थेकडे आले. पुढे 2019 मध्ये पाच तुरुंगांपासून सुटणाऱ्यांसाठी पथकं सुरू झाली, आणि नंतर ती दहाही ठिकाणी पोचली. पथकात एक सोशल वर्कर, एक नर्स, स्वतः असे दिवस काढून बाहेर आलेला एक सोबती, आणि आदिवासी रुग्णांसाठी नेमलेली नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारी बाई. सुरुवातीला सुटल्यावर महिनाभर सोबत करायची असं होतं, आता तीन महिने करतात. मी त्यातली नर्स. पण तुला ज्या कामाबद्दल जाणून घ्यायचंय ते नॅव्हिगेटरचं काम, आणि या पत्रात मी मुख्यतः तिच्याबद्दलच लिहिणार आहे. ती स्वतः फर्स्ट नेशन्सची, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजांपैकी एका समाजाची आहे, इथल्याच मातीतली.

आदिवासींसाठी वेगळं माणूस कशाला, असं तुला कुणीतरी विचारेलच, इथेही विचारतात. प्रांताच्या लोकसंख्येत आदिवासी शंभरात सहाच्या आसपास, आणि तुरुंगात गेलीस तर दर तिघांत एक आदिवासी. केंद्राच्या तुरुंगांतल्या बायका बघितल्या तर जवळपास निम्म्या आदिवासी. सुप्रीम कोर्टाने 1999 साली ग्लाड्यू खटल्यात न्यायाधीशांना सांगितलं होतं की आदिवासी आरोपीला शिक्षा देताना त्याच्या समाजावर काय काय गुदरलंय ते विचारात घ्या. त्यानंतरही तुरुंगातलं हे प्रमाण वाढतच गेलं.

आता मुख्य गोष्ट. सुटका झाली की सगळ्यांना वाटतं, संकट टळलं. आमच्याकडे संकट त्या दिवशी सुरू होतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे आमच्या अगदी शेजारी, तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण बाकीच्या लोकांपेक्षा बारा पटींहून जास्त निघालं, आणि त्यात सगळ्यात मोठं कारण नशेच्या औषधांचा अतिरेकी डोस. कारण साधं आहे. आत असताना शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर माणूस पूर्वीएवढंच घेतो, आणि आता रस्त्यावर मिळतं ते फेंटॅनिल, अफूच्या जातीचं पण कितीतरी जहाल. कशात किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्या प्रांताने 14 एप्रिल 2016 ला यावरून सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. 2023 मध्ये फर्स्ट नेशन्सच्या लोकांत अशा मृत्यूंचं प्रमाण बाकीच्यांच्या सुमारे सहापट होतं.

म्हणून आत असतानाच मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन सुरू करतात, जेणेकरून ओढ आटोक्यात राहावी. खरी परीक्षा आहे ती हे औषध एकही दिवस न चुकता बाहेर चालू ठेवण्याची. मेथाडोन बहुतेकांना रोज दुकानात जाऊन फार्मासिस्टसमोर घ्यावं लागतं. ज्याचं गाव हायवेपासून आत, जिथे औषधाचं दुकानच नाही, त्याने रोज कुठे जायचं? अशांना आम्ही सुटकेआधी पोटाच्या कातडीखाली महिनाभर पुरणारं ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन सुचवतो. ते टोचताना जळजळतं, गाठ येते, लोक कुरकुरतात. पण त्या एका महिन्यात माणूस घरी पोचतो, झोपतो, जेवतो, आणि पुढच्या अपॉइंटमेंटचा विचार करण्याइतका थाऱ्यावर येतो. या इंजेक्शनने किती जीव वाचवलेत हे मी डोळ्यांनी बघते आहे.

तुला एक शुक्रवार सांगते. नाव-गाव सांगणार नाही. आपल्याकडे जामिनाचा आदेश जेलच्या पेटीत पडेपर्यंत माणूस आतच राहतो, निदान कधी सुटणार याचा अंदाज तरी येतो. इथे कच्च्या कैद्याला सकाळी कोर्टात नेतात आणि कोर्टाने सोडलं की तो तिथूनच परस्पर मोकळा होतो. हा माणूस दुपारी चारला सुटला. बाहेर उणे वीसच्या खाली थंडी, अंगावर अटकेच्या वेळचं पातळ जाकीट, कारण अटक शरद ऋतूत झालेली. फोन बंद पडलेला. त्याचं औषध तुरुंगाच्या दवाखान्यात, त्याची चिठ्ठीही तिथेच. औषधाच्या दुकानाने सांगितलं, चिठ्ठी आल्याशिवाय डोस देता येणार नाही, आणि आम्ही सहाला बंद करतो.

पण आमच्या नॅव्हिगेटरने तो आत आल्याच्या आठवड्यातच त्याच्याशी बसून एक कागद भरून घेतला होता. सुटलास तर पहिला फोन कुणाला? त्याने आईचं नाव घेतलं नाही, मोठ्या मावशीचं घेतलं. नंबर पाठ नव्हता, तर बाईने त्याच्या बँडच्या ऑफिसात, म्हणजे त्याच्या समाजाच्या कचेरीत, फोन करून तो शोधून काढला आणि आमचा नंबर त्याखाली लिहून कागदाची घडी त्याच्या हातात दिली. त्या शुक्रवारी तो कागद त्याच्या खिशात होता. कोर्टाच्या शिपायाकडून त्याने फोन लावला. मी तुरुंगाच्या दवाखान्यातून चिठ्ठी फॅक्स करवली, आमचा सोबती त्याला घेऊन दुकानात पोचला, आणि शटर पडायच्या आधी डोस मिळाला. मावशी दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली. रात्रीची निवाऱ्याची सोय आमची. बस, एवढंच झालं. मंगल, हे सगळं त्या कागदामुळे झालं, आणि कागद भरून घेणारी बाई त्याला आपली वाटली म्हणून झालं.

आपली वाटणं ही इथे हौसेची गोष्ट नाही. या प्रांतात आदिवासींसाठी वेगळे दवाखाने होते: नानाइमो, मिलर बे, कोक्वालीट्झा. क्षयाच्या नावाखाली मुलांना, माणसांना तिथे नेऊन वर्षानुवर्षं ठेवलं, कित्येकांची घरच्यांशी गाठ पडली नाही. सरकार आणि चर्च चालवत त्या निवासी शाळांत दीड लाखांवर मुलं आईबापांपासून तोडली. आजही सरकारी देखरेखीखालच्या मुलांमध्ये तीनातली दोन आदिवासी घरांतली असतात. त्यामुळे नुकतीच सुटलेली आई दवाखान्यात जायला बिचकते. तिला वाटतं, मी व्यसनाबद्दल खरं बोलले तर पोर जाईल. पथकातल्या सोशल वर्करने पहिल्यांदा गाठलं तर ती बोलणारच नाही, मग ती सोशल वर्कर कितीही भली असो. म्हणून पहिली भेट नॅव्हिगेटर घेते. ती आधी स्वतःची ओळख देते, कुठल्या लोकांची, आजी कुठली. मग समोरचीला विचारते. दोघींची कुणी ओळखीची निघते. आजार, औषध, सुई यांचा विषय त्या भेटीत निघाला नाही तरी चालतं. मी सुरुवातीला कोपऱ्यात गप्प बसून असते, आणि ती खूण करेल तेव्हाच माझी पेटी उघडते.

आणि ती सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाही. प्रांतात दोनशेच्या वर फर्स्ट नेशन्स आहेत, भाषा वेगळ्या, रीती वेगळ्या. एकाला वडीलधाऱ्यांजवळ बसायचं असतं, दुसऱ्याला सेज वनस्पतीची धुरी हवी असते, तिसरा चर्चला जाणारा असतो आणि त्याला यातलं काही नको असतं. कुणाला गावी परत जायचंच नसतं, कारण गावातच ज्याच्यामुळे सगळं बिघडलं तो राहतो. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ती विचारते.

कागदपत्रांचं दुखणं तुला सांगायला नको. अटकेत पाकीट हरवतं, त्यात स्टेटस कार्ड, म्हणजे फर्स्ट नेशन्सचं सरकारी ओळखपत्र, जातं. फर्स्ट नेशन्सचं स्वतःचं आरोग्य प्राधिकरण इथे 2013 पासून आहे, त्यांच्या योजनेतून औषधं, प्रवास, दात, चष्मा यांची सोय होते. पण मेटी लोक, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला वेगळा समाज, त्या योजनेत बसत नाहीत. दोघेही आदिवासी, एकाला औषध मोफत आणि दुसऱ्याला वेगळ्या खिडकीवर अर्ज. नॅव्हिगेटर हे आत असतानाच तपासते, अर्ज आत असतानाच भरते. सुटल्यावर भरू म्हटलं की तो भरला जात नाही.

प्रवासाचंही तसंच. प्रिन्स जॉर्जपासून पश्चिमेला प्रिन्स रूपर्टपर्यंत सातशे किलोमीटरवर रस्ता आहे, हायवे 16. त्या रस्त्यावर लिफ्ट मागत निघालेल्या कितीतरी आदिवासी मुली-बायका बेपत्ता झाल्या, मारल्या गेल्या. ग्रेहाउंडची बस 2018 मध्ये बंद झाली. त्याऐवजी सरकारने सुरू केलेली बस रोज नसते. त्यामुळे सुटणाऱ्या बाईच्या हातात नुसतं तिकिटाचे पैसे ठेवून भागत नाही. बस कुठल्या वारी आहे, तोवर ती कुठे राहील, उतरल्यावर न्यायला कोण येईल, हे सगळं ठरवूनच तिला सोडायचं.

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट मनात घोळत राहिली. आपल्याकडे इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आणला, आणि पाचच वर्षांनी इथे इथल्या आदिवासींवर ताबा ठेवणारा इंडियन ॲक्ट आला. तिकडे पारध्यांना हजेरी आणि तारेचं कुंपण, इकडे देशाच्या काही भागांत राखीव वस्तीबाहेर पडायला सरकारी एजंटचा पास. इथल्या लोकांच्या पॉटलॅच, म्हणजे मेजवानी आणि दानाच्या समारंभावरची बंदी 1951 मध्ये उठली, आपल्याकडचे लोक 31 ऑगस्ट 1952 ला विमुक्त झाले. राज्य तेच, सवय तीच, आणि पोलिसांच्या नजरेतून ती अजून गेलेली नाही. म्हणून मला ठामपणे वाटतं की तुमच्या कामात पारधी बाईच पुढे हवी. नुसती मदतनीस म्हणून नको, पगारी, निर्णय घेणारी हवी. तू आणि वकीलबाई तिच्या मागे उभ्या राहा.

इथलं सगळं जसंच्या तसं उचलू नकोस. तुमच्याकडे फेंटॅनिल नाही, तिथे क्षयाचं अर्धवट सुटलेलं औषध आहे, दारू आहे, रक्तक्षय आहे, मनाचे आजार आहेत. पण क्षयाच्या गोळ्यांचंही हेच गणित: आत चालू असलेला कोर्स बाहेर कुठल्या सरकारी दवाखान्यात, कुणाच्या हाती सोपवला, हे सुटकेच्या आधी ठरलेलं हवं. आणि सुरुवात छोटी असू दे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटचं 'प्रयास' 1990 पासून कैद्यांसोबत काम करतं, त्यांच्या लोकांना जरूर भेट. तुरुंग अधिकाऱ्यांशी बोलणी कशी करायची हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत आहे.

आता मला उलट टपाली एवढं कळव: अधीक्षकसाहेब तुम्हाला सुटकेच्या आधी आत भेटू देतील का, आठवड्यातून एक तास तरी? परवानगी मिळाली तर तो पहिला कागद कसा करायचा ते आपण दोघी मिळून मराठीत आणि पारधी बोलीत बसवू. आमच्या नॅव्हिगेटरला मी तुझ्याबद्दल सांगितलंय. तिला तुझ्याशी बोलायचंय, वेळ तू सांग. तुमची सकाळ म्हणजे आमची आदली रात्र, ती जागी असते.

काकांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझीच,
सुमा