सर्दीची गोळी घेण्याआधी पट्टी उलटून वाच

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

पाऊस लागला की वेर्ण्याच्या त्या खोलीत भिंतींना बुरशी धरते आणि तुझ्या शिंका सुरू होतात. रात्रीची ॲलर्जीची गोळी चालू आहे ते ठीकच. तिच्यात मॉन्टेलुकास्ट १० आणि लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम आहे, एवढं पाठ ठेव. वर सर्दी झाली म्हणून फार्मसीत जाऊन नुसतं "सर्दीवर काहीतरी द्या" म्हणू नकोस.

सर्दीच्या पट्टीमागे बहुतेक वेळा तीन नावं असतात: पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन. यातलं शेवटचं हे ॲलर्जीचंच औषध, तेही जुनं, झोप आणणारं. तुझ्या गोळीवर ते घेतलंस तर एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. फायदा फारसा वाढत नाही. गुंगी, तोंडाला कोरड, लघवीला अडखळणं मात्र वाढतं. असं काही चुकून घेतलंच, तर त्या दिवशी झुआरी पुलावर स्कूटर घालू नकोस. सर्दीवर उतारा म्हणून कुणी फेणी दिली तरी नको, गुंगी आणखी चढेल.

दोनच गोळ्या कापून घेतल्यास तर नावं उरलेल्या तुकड्यावर राहतात. अख्खी पट्टी माग, नाहीतर नावं लिहून घे.

पॅरासिटामॉलचा हिशेब वेगळा ठेव. सर्दीची ५०० ची गोळी तीनदा म्हणजे १५००. वर तापाची ६५० ची चारदा म्हणजे २६००. झाले ४१०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा ४००० ची, आणि त्यापुढे यकृताला धोका.

तेव्हा असं कर: ॲलर्जीची गोळी नेहमीप्रमाणे चालू ठेव. अंग दुखलं, ताप आला तर साधी पॅरासिटामॉल ५००, दोन डोसांत किमान सहा तास सोडून. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब. नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांवर नकोत, नंतर नाक उलट जास्त चोंदतं. पोटातून घ्यायच्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. त्याने बीपी मात्र वाढू शकतं, म्हणून उरलेली पट्टी बाबांसाठी आणू नकोस.

पावसातला ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घे. डेंग्यू किंवा लेप्टोही (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) असू शकतो. तोवर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घ्यायची नाही. दम लागला तर दोन दिवस थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठ.

तुझी आई