म्हादई अभयारण्य आणि जनरल जेकब

महोदय,

आपल्या दैनिकातील गोव्याच्या म्हादई अभयारण्याविषयीच्या लेखात १९९९ची अधिसूचना 'निवडून न आलेल्या राज्यपालांनी लादलेला निर्णय' असल्याचे म्हटले आहे, ते मला मान्य नाही. १९७१च्या युद्धात पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून ढाक्यातील शरणागतीच्या वाटाघाटी करणारे लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब १९९८मध्ये गोव्याचे राज्यपाल झाले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रपती राजवटीत कारभाराची सूत्रे थेट त्यांच्याकडे आल्यावर, अवघ्या काही महिन्यांच्या त्या काळात, म्हादई व नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये अधिसूचित झाली. सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील हे जंगल, खाणींचा दबाव असतानाही, या निर्णयामुळेच कायद्याच्या संरक्षणाखाली आले. म्हादई अभयारण्याच्याच आधारे गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी जानेवारी २०२३मध्ये म्हादई नदीचे पाणी वळवण्याविरुद्ध कर्नाटकला नोटीस बजावली, याचा लेखात उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते. अभयारण्यातील ग्रामस्थांच्या हक्कांचे दावे रखडले ही लेखकाची तक्रार मात्र रास्त आहे. पण ते निकाली काढण्यासाठी नंतरच्या लोकनियुक्त सरकारांना दोन दशकांहून अधिक काळ मिळाला होता. त्या दिरंगाईचा जाब जेकब यांच्या निर्णयाला विचारता येणार नाही.

– एक वाचक, वाळपई