मित्रास पत्र: खडे, पिशवी आणि तिच्या खालची नळी

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू विचारलंस ना, नुसते पित्ताचे खडे काढून पित्ताची पिशवी जागेवर ठेवता येत नाही का, त्याचं उत्तर लिहूनच पाठवतो म्हटलं, कारण फोनवर मी सुरू झालो की वर्गात उभा असल्यासारखा बोलतो आणि तू मधेच क्रिकेटवर जातोस. आणि ते तुझं दुसरं वाक्य, "चारच मिलीमीटरचे आहेत रे, मोठे झाले की बघू", ते तर आधी डोक्यातून काढ. बारीक खडेच जास्त उपद्व्यापी असतात.

आता हात पोटावर ठेव. उजव्या बरगड्यांच्या कडेने बोट फिरवत ये, नवव्या बरगडीच्या कूर्चेचं टोक लागेल, साधारण त्याच्या मागे, लिव्हरच्या खालच्या अंगाला चिकटून तुझं गॉलब्लॅडर, म्हणजे ही पित्ताची पिशवी आहे. भरल्या वांग्यांना आणतो तसलं लहान लांबट वांगं डोळ्यासमोर आण, ७ ते १० सेंटीमीटर, आत मावणार ३० ते ५० मिली. पित्त तिथे तयार होत नाही हं, ते लिव्हर करतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर, पिशवी फक्त त्यातलं पाणी शोषून ते दाट करून ठेवते आणि तू तर्रीवाली मिसळ हाणलीस की ड्युओडेनममधून, म्हणजे जठरानंतर लगेच येणाऱ्या आतड्यातून, सीसीके नावाचं हार्मोन रक्तात सुटतं, पिशवी आवळली जाते आणि खडा तिच्या तोंडाशी अडकला की तू कळवळतोस. तरी ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसलास! पिशवीच्या खाली-मागे हेच ड्युओडेनम, बाजूला मोठ्या आतड्याचं उजवं वळण. आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शरीररचना शिकवतो तिथे, बॉडीत पित्त पाझरून हे शेजारी हिरवे झालेले असतात, पहिल्या वर्षाच्या पोरांना नावं पाठ नसली तरी त्या हिरव्या डागावरून बरोबर पोचतात.

तुझं उजव्या खांद्याचं दुखणंही त्यातलंच असू शकतं. लिव्हरच्या वरचा डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, चिडला की निरोप जातो मानेत, कारण त्याची नस मानेतल्याच तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या पातळीवरून निघते आणि खांद्याच्या कातडीच्या नसापण तिथल्याच, मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोटात भरलेल्या गॅसमुळेही एक-दोन दिवस असंच दुखतं, तेव्हा घाबरू नको.

पण खरं सांगू का, पिशवीपेक्षा मला नळ्यांची काळजी जास्त. लिव्हरमधून उजवी आणि डावी अशा दोन नळ्या येतात, एक होतात, तिला पिशवीची आखूड नळी येऊन मिळते आणि तिथून पुढे ती मुख्य पित्तनलिका, ज्याला आम्ही सीबीडी म्हणतो. साधारण ८ सेंटीमीटर लांब. ती ड्युओडेनमच्या मागून उतरते, स्वादुपिंडाच्या डोक्यातून वाट काढते, आणि बहुतेकांच्यात शेवटी स्वादुपिंडाच्या नळीला मिळून आतड्यात उघडते. त्या तोंडाशी एक स्नायूची कडी असते, रुग्गेरो ओडी नावाच्या इटालियन पोराने विद्यार्थी असतानाच १८८७ मध्ये तिच्यावर लिहिलं, म्हणून ती ओडीची. सगळ्यात अरुंद जागा तीच. मोठा खडा पिशवीतच बसून राहतो बऱ्याचदा, तुझे ४ मिलीमीटरवाले मात्र घसरत खाली येतात आणि तिथे अडकले की एकीकडे कावीळ आणि दुसरीकडे स्वादुपिंडाला सूज, आणि ती सूज जिवावर बेतू शकते.

आता पिशवी का काढायची. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख म्हणून सर्जन होता, त्याचं म्हणणं साधं होतं, खडे ही पिशवीच बनवते, नुसते काढले तर परत होणार. १५ जुलै १८८२ ला त्याने पहिल्यांदा अख्खी पिशवी काढली. त्याला धीर आला होता तो जनावरांवरून, घोड्याला गॉलब्लॅडर नसतंच आणि त्याचं काही अडत नाही. तुझंही अडणार नाही, पित्त थेट आतड्यात ठिबकत राहील, सुरुवातीला पोट जरा बिघडेल एवढंच. आपल्याकडे दुर्बिणीतून हे पहिल्यांदा झालं मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये, १९९० ला, डॉ. तेहेमटन उदवाडियांनी केलं.

खरी गोम आहे कॅलोच्या त्रिकोणात. पिशवीची नळी, लिव्हरकडून येणारी नळी आणि लिव्हरची कड यांच्यामधली ती छोटी जागा, चरबीने भरलेली, आणि पिशवीची रक्तवाहिनी त्यातूनच जाते. पुस्तकातलं चित्र आणि माणसाचं पोट यांचं इथे जमतच नाही, कुणाची पिशवीची नळी मुख्य नळीला चिकटून खालपर्यंत जाते, कुणाची लिव्हरची धमनी वळसा घेऊन पिशवीला टेकते. दरवर्षी मी पोरांना हे दाखवतो आणि दरवर्षी नवीन काहीतरी निघतं, माझी नोकरी त्यावरच चाललीय म्हण. म्हणून चांगला सर्जन चरबी साफ करून, पिशवीचा खालचा भाग लिव्हरपासून सोडवून, पिशवीत फक्त दोनच गोष्टी, तिची नळी आणि तिची रक्तवाहिनी, शिरताना दिसल्याशिवाय काही कापत नाही. स्ट्रासबर्ग नावाच्या सर्जनने १९९५ मध्ये हा नियम मांडला. सूज जास्त असेल आणि दिसतच नसेल तर पोट उघडतात किंवा अर्धी पिशवी ठेवून बाहेर येतात, तसं झालं तर डॉक्टरला नावं ठेवू नको, तो शहाणा माणूस आहे असं समज.

तुझं दुखणं वारंवार होतंय म्हणून पिशवी काढ म्हणतोय, खडे गप्प असते तर मीच म्हणालो असतो राहू दे.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर सीबीडीपुढे मिलीमीटरचा आकडा असेल, साधारण ६ पर्यंत ठीक, जास्त असेल तर ऑपरेशनआधी एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्यांचं एमआरआय, करायला लावतील. त्या पानाचा फोटो पाठव. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद, शौचाला पांढुरकं किंवा थंडी वाजून ताप आला तर फोटोबिटो काढत बसू नको, सरळ ॲडमिट हो आणि वहिनींना सांग मला फोन करायला.

तुझा,
विज्या