आजोबांच्या हत्यारांची पेटी

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पेटी पोहोचली हे कळलं. गंज पाहून ग्राइंडर काढायचा मोह होईल, तो आवर. जुनी हत्यारं गंजापेक्षा उत्साहाने जास्त बिघडतात, आणि घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

आधी सगळं बाहेर मांडून नुसतं बघ. प्रत्येक रंध्याचं पातं आणि पाचर त्याच रंध्यासोबत दोऱ्याने बांधून ठेव. पाचर त्या एका खाचेलाच घासून बसवलेली असते. अदलाबदल झाली की पातं थरथरतं आणि लाकडावर लाटा उमटतात.

तपकिरी, घट्ट बसलेला थर राहू दे. त्याने काही बिघडत नाही. पापुद्रे सुटत असतील तर मूठ काढून लोखंड 5 टक्क्यांच्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडव. पूर्ण बुडव, कारण अर्धवट राहिलं तर द्रवाच्या पातळीवर खोदल्यासारखी रेघ पडते. दर दोन-तीन तासांनी काढून ब्रश मार. रात्रभर पुष्कळ झालं; त्यापुढे व्हिनेगर पोलादच खायला लागतं. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धू, लगेच गरम हवेने कोरडं कर आणि तेलाचा हात फिरव. इथे चहाला उठलीस तर परत येईपर्यंत नारिंगी गंज चढलेला असेल.

खरं काम पटाशीवर, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीवर आहे. धार म्हणजे सपाट पाठ आणि तिरका उतार हे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ, त्यामुळे उतार कितीही चकचकीत केलास आणि पाठीवर गंजाचे खड्डे राहिले, तर धारेत तेवढ्या खाचा येणारच. पूर्ण पाठ घासत बसू नकोस. धारेजवळचे दोन-तीन सेंटिमीटर सपाट झाले की पुरे. सपाट काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 240, 400 आणि 800. उताराचा कोन 25 अंश, अगदी टोकाला 30. पाठीवरून बोट धारेकडे नेलं आणि सगळ्या रुंदीभर खरखरीत कड लागली, तर घासणं टोकापर्यंत पोहोचलं असं समज. ती कड निसण्यावर हलकेच काढ.

ग्राइंडर वापरावाच लागला तर दर दोन-तीन सेकंदांनी पटाशी पाण्यात बुडव. टोक निळं झालं म्हणजे पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तिथली धार टिकणार नाही. निळा भाग संपेपर्यंत सावकाश घासून काढणं एवढाच उपाय. लोखंडी छिन्नीचं डोकं ठोके खाऊन छत्रीसारखं पसरलं असेल तर ती कड मात्र बिनदिक्कत घासून टाक, नाहीतर एखाद्या ठोक्याला तुकडा उडून डोळ्यात जाईल. चष्मा घालूनच बस.

हातोडीचा दांडा सैल असला की पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नकोस. लाकूड फुगून भोकाच्या कडांवर स्वतःच चेपलं जातं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त हलतं. नवीन पाचर ठोक. दांडा तडकला असेल तर बदल. नवा पूर्ण वाळलेला हवा आणि लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात.

लाकडी मुठींना व्हार्निश नको, हाताला फोड येतात. बेलतेल (जवसाचं तेल) पातळ लावून पंधरा-वीस मिनिटांनी पुसून घे. तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकलंस तर ते आपोआप पेटू शकतं, म्हणून उघड्यावर पसरून वाळव.

करवतीला अजून कानस लावू नकोस. दातांचा बाजूने आणि वरून, असे दोन फोटो पाठव. लांबीत चिरायच्या करवतीचे दात सरळ घासतात, आडव्या कापणीच्या करवतीचे तिरके. आहेत तसेच ठेवायचे. तिकोनी कानस कोणत्या मापाची लागेल ते फोटो पाहून सांगतो.

तुझे,
बाबा